एस्तेरमावशी आणि सव्वाशे प्रश्न

एस्तेरमावशींनी मला गायनवर्गातून काढलं तेव्हा मी अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो. हे काय वय आहे का हो कुणी कान धरून उठवायचं? त्यातून नाताळ तीन आठवड्यांवर आलेला, माझा नवा कोट शिंप्याकडे टाकलेला, आणि मागच्या रांगेतली माझी जागा अकरा वर्षांची. सराव संपल्यावर मावशींनी मला जिन्याजवळ गाठलं आणि म्हणाल्या, "सुधीर, तू गाऊ नको."

"का? आवाज खराब लागतोय का?"

"आवाज लई मोठा हाय तुझा. सूर न्हाई. तुझ्यामुळं शेजारचे दोघं चुकत्यात. अकरा वरसं कुनी बोललं न्हाई, म्हनून मी बोलते."

एवढं बोलून त्या पिशवी उचलून चालायला लागल्या. मी तणतणत घरी आलो आणि बायकोला सगळं सांगितलं. मला वाटलं, ही चिडेल, माझी बाजू घेईल. ती म्हणाली, "सुटलो बाई! बोललं कुणीतरी एकदाचं," आणि कुकर लावायला गेली.

पुढचे दोन रविवार मी उपासनेला गेलोच नाही. मग मावशीच घरी आल्या. चहा नको म्हणाल्या, बसल्याही नाहीत. "वाशीच्या दवाखान्यात आपली थोरातबाई हाय. आठ दिस झालं. जो जातो तो तिला बायबलातली वचनं ऐकवतो, न्हाईतर सोताच्या आपरेशनची गोष्ट सांगतो. बाई पार दमून गेलीय. तू जा. तुला चार मानसांत बोलता येत न्हाई, ते बरंय. नुसता बस."

मी रागारागानेच गेलो. काय बोलावं ते सुचेना, म्हणून तासभर गप्प बसलो. एकदा उशी सरळ केली, एकदा पाणी दिलं. निघताना थोरातबाईंनी विचारलं, "उद्या याल का हो?" त्याला आता नऊ वर्षं होतील. कोपरखैरण्यापासून नेरूळपर्यंतच्या दवाखान्यांतले वॉचमन आज मला नावानिशी ओळखतात, आणि आमच्याकडे कुणी आजारी पडलं की पहिला फोन मला येतो. गाण्याचं दुःख अजून आहे, खोटं कशाला बोलू? पण मावशी नसत्या तर मी अजूनही त्या मागच्या रांगेत उभा राहून दोन चांगल्या गळ्यांची वाट लावत असतो.

आमची मंडळी म्हणजे काही दगडी चर्च नाही. कोपरखैरण्यातल्या एका शाळेचा हॉल आम्ही रविवारी सकाळी भाड्याने घेतो. सिमेंटच्या भिंती, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक टेबल, त्यावर पांढरं कापड. चाळीसेक कुटुंबं आहेत. बहुतेकांचे वडील नगर-जालन्याकडून तुर्भ्याच्या कंपन्यांत कामाला आले आणि इथलेच झाले. आमची अशी श्रद्धा आहे की पवित्र आत्मा प्रत्येक विश्वासणाऱ्याला सेवेसाठी काही ना काही देतो. कुणाला शिकवण्याची हातोटी, कुणाला धीर देण्याची, कुणाला कारभार बघण्याची. त्याला आम्ही कृपादान म्हणतो. आता दिलंय हे खरं, पण काय दिलंय ते चिठ्ठीवर लिहून देत नाहीत ना! त्यामुळे माणसं वर्षानुवर्षं भलत्याच ठिकाणी उभी राहतात.

एस्तेरमावशींना हे सहन व्हायचं नाही. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, डाव्या खांद्याला कायम कापडी पिशवी, आणि जाड काचांचा चष्मा. तुर्भ्यात औषधाच्या एका कंपनीत त्यांनी चोवीस वर्षं बाटल्या तपासल्या. इंजेक्शनची भरलेली बाटली आधी काळ्या, मग पांढऱ्या पाटीसमोर धरायची, हळूच गोल फिरवायची, आत कण दिसला की बाजूला काढायची. दिवसभर तेच. निवृत्त झाल्यावर डोळे थकले, पण बघायची खोड गेली नाही.

उपासनेला त्या सगळ्यांत आधी यायच्या आणि पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची उचलून तिरकी करायच्या. म्हणजे उपदेश करणारे पाळक एका डोळ्याला आणि लोक दुसऱ्या डोळ्याला. आधीच्या पाळकांना ते खपायचं नाही. एकदा ते म्हणाले, "मावशी, वचन इकडे चाललंय." मावशी म्हणाल्या, "कान तिकडंच हायेत. मला मानसं बगू द्या." आणि बघायच्या म्हणजे काय, उपदेश संपेपर्यंत त्यांना कळलेलं असायचं की कुणाच्या घरात भांडण झालंय, कोण जेवलं नाही आणि कोण आज पहिल्यांदाच आलंय नि दाराशी अवघडून बसलंय. मग त्या उठून नेमक्या माणसाला नेमक्या माणसाजवळ नेऊन बसवायच्या.

आता गंमत बघा. अख्ख्या मंडळीला जागा दाखवणाऱ्या ह्या बाईला स्वतःची जागा माहीत नव्हती.

मावशींची आई राहुरीकडच्या खेड्यांतून पायी फिरून बायकांना पवित्र शास्त्र सांगायची. तिने तोंड उघडलं की जात्यावरच्या बायका जातं थांबवायच्या, असं मावशी सांगायच्या. आईचं शिकवण्याचं दान आपल्यात उतरलंय, हे त्यांनी मनाशी धरलेलं. म्हणून रविवारची मुलांची शब्बाथशाळा त्यांच्याकडे. वीस वर्षं. आणि काय सांगू तुम्हाला, इतकं रटाळ शिकवणं मी जन्मात पाहिलं नाही! फळ्यावर वचन लिहायचं, मुलांकडून दहा वेळा म्हणून घ्यायचं, पुसायचं, पुढचं लिहायचं. एकदा जलप्रलयाच्या गोष्टीत एका पोरीने विचारलं, "मावशी, नोहाने तारवात मच्छर पण घेतले का?" मावशी म्हणाल्या, "वचन पाठ झालं का तुझं?" मुलं आयांच्या मागे लपायची, पोटात दुखतंय म्हणायची. आयांना सगळं कळायचं. पण बोलणार कोण? सगळ्यांना तोंडावर बोलणाऱ्या बाईला तोंडावर बोलायची हिंमत आमच्या एकाही शहाण्यात नव्हती.

एका उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारची उपासना संपल्यावर मी आणि मावशी खुर्च्या एकात एक रचत होतो. त्या मध्येच थांबून म्हणाल्या, "सुधीर, मला काय दिलं आसंल रं देवानं?"

"शिकवणं, मावशी. अजून काय?"

त्यांनी चष्म्यातून माझ्याकडे बराच वेळ बघितलं. बाटली बघतात तसं. मग पुढची खुर्ची उचलली. मला शुक्रवारच्या दिवशी खोटं बोलल्याची लाज वाटली, पण शब्द मागे घ्यायचं धाडस झालं नाही.

त्याच सुमारास आमच्याकडे नवे पाळक आले, अमोल पाळक. तिशीचे, हुशार, मनाने सोन्यासारखे. त्यांनी आल्या आल्या कृपादानांवर चार रविवार उपदेश केला आणि पाचव्या रविवारी सगळ्यांच्या हातात एकेक छापील फॉर्म ठेवला. सव्वाशे प्रश्न! प्रत्येकापुढे चार रकाने. कधीच नाही, क्वचित, बऱ्याचदा, नेहमी. खूण करायची, बेरीज करायची, की तुमचं कृपादान हजर.

बिचाऱ्या पाळकांना आमची माणसं ठाऊक नव्हती. आमच्यात लहानपणापासून शिकवतात की गर्व हे पाप. आता "लोक दुःखात माझ्याकडे येतात का?" असं छापून विचारल्यावर भला माणूस काय लिहील? थोरातबाईंच्या स्वयंपाकघरात रोज कुणीतरी रडत बसलेलं असतं. बाईंनी "कधीच नाही"वर खूण केली. रूथ म्हणून नेरूळहून लग्न होऊन आलेली एक लाजाळू सून आहे. उपासना सुटली की सगळ्या मंडळीची पोरं तिच्या ओढणीला लोंबकळतात. "मुलांना माझा सहवास आवडतो," कधीच नाही. सगळ्या हॉलने मान खाली घालून "कधीच नाही, कधीच नाही" अशा खुणा केल्या आणि आपण किती नम्र आहोत ह्या समाधानात फॉर्म परत दिले.

अपवाद एकटे लोखंडेसाहेब. सरकारी खात्यातून निवृत्त. कागदावर कुठे कमी पडायचं नाही ही नोकरीभरची सवय. त्यांनी सव्वाशेच्या सव्वाशे ठिकाणी "नेहमी"वर खूण केली, आणि खाली सहीसुद्धा ठोकली.

पाळकांनी तक्ता करून भिंतीवर लावला. लोखंडेसाहेबांना नऊ कृपादानं! बाकी मंडळी जवळजवळ कोरी. मग काय, तीन महिने जिकडे बघावं तिकडे लोखंडेसाहेब. उपदेश लोखंडेसाहेब, तरुण संघ लोखंडेसाहेब, आजाऱ्यांसाठी प्रार्थना लोखंडेसाहेब. प्रार्थना इतकी लांब की आजारी माणूस मध्येच झोपायचा. एका घरी माणूस गेला तेव्हा ते सांत्वनाला गेले, आणि त्याच्या बायकोला मृत्यूचा दाखला कुठल्या खिडकीवर मिळतो, सोबत काय काय जोडायचं, हे तासभर समजावून आले. सगळे कपाळाला हात लावून बसले. मावशी मात्र म्हणाल्या, "थांबा. त्या बाईला दाखला मिळाला का, ते ईचारा." विचारलं. चार दिवसांत मिळाला होता.

आणि मावशींचा स्वतःचा फॉर्म? एकशे चोवीस ठिकाणी "कधीच नाही", आणि "मला शास्त्र शिकवता येते" ह्या एकाच ओळीवर "नेहमी". पाळकांनी त्यांच्या फॉर्मवर नावापुढे लिहून दिलं, शिक्षण. तो कागद त्यांनी घडी करून बायबलमध्ये ठेवला होता. साठी उलटल्यावर त्यांना आईचं दान कागदावर मिळालं होतं. वर्गात जाताना चालसुद्धा बदलली होती त्यांची.

तरी त्याच बाई एका रविवारी पाळकांच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या. मी शेजारीच होतो.

"पाळकसाहेब, तुमचा कागद चुकलाय."

"अहो मावशी, मोठमोठ्या मंडळ्यांत हीच पद्धत वापरतात."

"तिथली मानसं सोताबद्दल खरं बोलत आसतील. आमची बोलत न्हाईत. थोरातबाईच्या नावाम्होरं काय न्हाई? आसं कसं? माझं ऐका. ज्याला त्याला सोताबद्दल नका ईचारू. तुला कुनाचा आधार झाला, कसा झाला, तेवढं लिवून घ्या. नावानिशी."

पाळक म्हणाले, "मग सगळ्यांचंच पुन्हा करावं लागेल, मावशी. तुमचंसुद्धा."

मावशींचा हात बायबलवर होता. मी बघत होतो. त्यांना कळत नव्हतं असं नाही, सगळं कळत होतं. त्यांनी बायबल उघडलं, तो घडी केलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला. "माझं बी करा," त्या म्हणाल्या.

पुढच्या रविवारी चिठ्ठ्या लिहून घेतल्या. मुलांनासुद्धा दिल्या. त्याच्या पुढच्या रविवारी उपासनेनंतर खुर्च्या गोल मांडल्या आणि प्रत्येकाच्या हातात त्याच्या नावाचं पाकीट दिलं. ज्याने त्याने उभं राहून मोठ्याने वाचायचं. आपली स्तुती आपल्याच तोंडाने! आमच्या लोकांना घाम फुटला.

थोरातबाईंना तीन चिठ्ठ्या वाचून पुढे वाचवेना. लोखंडेसाहेबांचं पाकीट चांगलं जाड. ते घसा खाकरून उभे राहिले. पेन्शनचा अर्ज लिहून दिला. पोराचा दाखला मिळवून दिला. दफनभूमीची परवानगी आणली. शाळेचा हॉल जाणार होता तेव्हा पत्र लिहून थांबवलं. चिठ्ठ्यांमागून चिठ्ठ्या. उपदेशाबद्दल एक अक्षर नाही, प्रार्थनेबद्दल नाही. साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी विचारलं, "पाळकसाहेब, अर्ज लिहिणं हे कृपादानात बसतं का?"

"बसतं म्हणजे? कारभार बघणं हे मोठं दान आहे, साहेब. तुमच्यामुळे आपण ह्या छपराखाली बसलोय."

साहेबांनी रुमाल काढून डोळे पुसले. त्यांच्याशी तीन महिने मनातल्या मनात भांडलेला मी, मलाही भरून आलं.

रूथच्या पाकिटात सगळी मुलांची अक्षरं. एकीने लिहिलं होतं, "रूथताई योनाच्या गोष्टीतला मासा होते आणि आम्हाला गिळते. मग आम्ही पोटात प्रार्थना करतो." दुसऱ्याने लिहिलं होतं, "मी ताईला विचारलं नोहाने मच्छर का घेतले. ताई म्हणाली मला पण माहीत नाही, आपण शोधू." सगळा हॉल हसला. मी मावशींकडे बघितलं. त्या हसत नव्हत्या.

शेवटी त्यांचं पाकीट. सगळ्यांत जाड. उभ्या राहून त्यांनी चष्मा पुसला आणि एकेक चिठ्ठी वाचायला घेतली. मला गाण्यातून काढून दवाखान्यात पाठवलं, ही माझी. मी नवीन होते, मला थोरातबाईंजवळ नेऊन बसवलं. माझ्या मुलाला पेटीवर बसवलं, आज तो वाजवतो. नवरा दारू सोडायला तयार होता ते मला कळलं नाही, मावशींना कळलं. वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक होत गेला. शेवटची चिठ्ठी झाली. त्यांनी पाकिटात बोट घालून बघितलं, मग पाकीट उलटं करून झटकलं.

"शिकीवलं, आसं कुनी लिवलं न्हाई," त्या म्हणाल्या.

पाळकांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर मावशींनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"मला वरीस झालं दिसतंय. रूथ पोरांत बसली की पोरांची तोंडं कशी व्हतात, आन माझ्या वर्गात कशी व्हतात. समदं दिसतंय. तुमां समद्यांचं तोंडावर बोलले, हे येवढं न्हाई बोलले. बोलले आसते तर माझी जागा गेली आसती. आईची जागा व्हती ती." त्यांनी पिशवीतून मुलांची हजेरीवही आणि कपाटाची किल्ली काढली. "रूथ, हिकडं ये."

रूथ रडायलाच लागली. "मावशी, मला नाही जमणार हो."

"तुला ईचारलं कुठं मी?" मावशी म्हणाल्या, आणि वही तिच्या हातात कोंबली. लोक रडता रडता हसले.

मंडळीचा अभिमान वाटला, असं म्हणायची आमच्यात पद्धत नाही. गर्वात जमा होतं ते. पण त्या दिवशी मला वाटला, आणि आज लिहितानाही वाटतोय. लोकांच्या जागा बदलणारे मी खूप पाहिलेत, पण स्वतःची इतकी प्यारी जागा चारचौघांत सोडणारी ही एकच बाई पाहिली.

त्यांना ते सोपं गेलं असं समजू नका. नंतर थोरातबाईंच्या स्वयंपाकघरात त्या खूप रडल्या. रविवारी वर्गाच्या वेळी त्यांचे हात रिकामे राहायचे, तर उगाच खुर्च्या पुसत बसायच्या. एकदा मला म्हणाल्या, "बघनं हे काय दान हाय का रं? ते तर कंपनीत बी करत हुते." मी म्हटलं, "मावशी, तुम्हीच आम्हाला पेटीवर, दवाखान्यात, कचेऱ्यांत बसवलंत. मग हे सगळं कोण करत होतं?" त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. ह्या वेळी मी खोटं बोललो नव्हतो, आणि त्यांनाही ते कळलं असावं.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलाने करंजाड्यात फ्लॅट घेतला. तिकडे आमच्या ओळखीची सातआठ कुटुंबं होती, त्यांना नवी मंडळी सुरू करायची होती. अमोल पाळकांनी मावशींना पुढे बोलावलं, सगळ्यांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि त्यांना तिकडे सोपवलं. प्रार्थनेत पाळकांनी त्यांच्या दानाचं नाव घेतलं, पारख. लोखंडेसाहेबांनी निरोपाचं पत्र टाईप करून आणलं होतं, तीन प्रतींत.

तिकडच्या पहिल्या उपासनेला मीच मावशींना गाडीने घेऊन गेलो. एका सोसायटीचा तळमजल्याचा हॉल, रंगाचा वास अजून गेला नव्हता. माणसं एकमेकांना अनोळखी, भिंतीला धरून उभी. काळ्या-हिरव्या साडीतली एक तरुण बाई, कडेवर पोर, मावशींजवळ आली.

"जय ख्रिस्त, मावशी. तुम्ही कोपरखैरण्याहून आलात ना? इथे तुम्ही मुलांना शिकवणार का?"

आता ह्या काय बोलतात?

"न्हाई गं," मावशी शांतपणे म्हणाल्या. "शिकवायचं मला दिलेलं न्हाई. मला बघायचं दिलंय."

"म्हणजे?"

"मगाधरनं मी तुला बघते. चार नवी मानसं आली, चौघांस्नी तू येकमेकांची नावं सांगितलीस, गावं जुळवून दिलीस. तुला कुनी सांगितलं हुतं का?"

"नाही हो. असंच."

"आसंच नसतं ते," मावशी म्हणाल्या, आणि तिला तिचं नाव विचारलं.